भाग १९ : मी एक बाटली ब्लॅकनं विकली

(ऑडिओचा मजकूर. बोलताना अडखळलेलं आणि दोनदा आलेलं काढून टाकलं आहे, बाकी जसंच्या तसं.)

आज रेकॉर्डिंग देऊळगाव राजाहून, म्हणजे घरून. मागं ट्रॅक्टर जाईल, कुकर शिट्टी देईल, मधेच आई "जेवायला ये" म्हणून हाक मारेल. चालवून घ्या. पुण्याच्या खोलीत गादीची भिंत करून रेकॉर्ड करतो, तो थाट इथे नाही.

विषय व्हिस्कीचा आहे. प्या असं सांगणारा हा भाग नाही आणि पिऊ नका असं सांगणाराही नाही. आपल्या राज्यात व्हिस्की प्यायला वय २५ लागतं, त्याच्या आतले जे कोणी ऐकताय त्यांनी ही फक्त पैशाची गोष्ट म्हणून ऐका. कारण ती तेवढीच आहे.

तर झालं असं. पुण्यात माझ्या फ्लॅटखाली एक वाइन शॉप आहे. नाव सांगत नाही. मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. मी काही मोठा पिणारा नाही, महिन्या-दीड महिन्यातून एकदा. पण मला त्या विषयाचा नाद आहे. बाटलीवरचं लेबल वाचायचं, पिंप कुठलं, किती वर्षं ठेवली, हे विचारत बसायचं. काकांनाही ते आवडायचं. बाकीची गिऱ्हाइकं खिडकीतून पैसे टाकून निघून जातात, हा पोरगा उभा राहून बोलतो, म्हणून.

२०२४ च्या मार्चमध्ये त्यांच्याकडे एका भारतीय सिंगल माल्टच्या दोनच बाटल्या आल्या. कंपनीनं मोजक्याच काढल्या होत्या. छापील किंमत १२ हजार. त्यांनी मला फोन केला, "एक तुझ्यासाठी ठेवलीय. पण उघडणार असशील तरच ने." मी म्हटलं, "काका, बहिणीच्या लग्नात उघडणार." आणि त्या वेळी मी खरंच बोलत होतो, हे माझं मी स्वतःला अजून सांगतो.

दोन महिने ती कपाटात होती. मे महिन्यात एका टेलिग्राम ग्रुपवर तिचा भाव पाहिला. ३० हजार. रूममेट म्हणाला, "वेडा आहेस का, विक." एका संध्याकाळी कोथरूडला एका कॅफेबाहेर बाटली दिली, यूपीआयवर ३० हजार आले. अठरा हजार निव्वळ. पगाराव्यतिरिक्त मी आयुष्यात कमावलेले ते पहिले पैसे. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी फार खूश होतो.

आता थोडं तांत्रिक. दोन मिनिटं द्या, पुढे लागणार आहे.

व्हिस्की लाकडी पिंपात मुरते आणि मुरता मुरता उडून जाते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के उडते. तिथले लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडे ऊन आहे. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत हेच प्रमाण वर्षाला १० ते १२ टक्के पडतं. (अमृत ही जगदाळे कुटुंबाची, १९४८ ची कंपनी. २००४ मध्ये त्यांनी आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली. धाडसच म्हणायचं, कोकणात जाऊन नारळ विकण्यासारखं.) हिशोब करून बघा. १०० लिटर पिंपात घातले तर दहा वर्षांनी स्कॉटलंडमध्ये ८० च्या वर लिटर उरतात. आपल्याकडे १० टक्क्यांनी धरलं तर ३५. अमृतनं आपल्या एका जुन्या व्हिस्कीचं नावच 'ग्रीडी एंजल्स' ठेवलंय, हावरट देवदूत. म्हणजे जुनी भारतीय व्हिस्की दुर्मीळ असते ते काही सगळं मार्केटिंग नाही. ती खरंच कमी उरते.

आणि दुसरी गोष्ट. बाटलीत भरली की मुरणं थांबतं. पिंपात बारा वर्षं राहिलेली व्हिस्की बाटलीत आणखी बारा वर्षं ठेवली तरी ती बारा वर्षांचीच.

मग कपाटात दोन महिने ठेवून मी तिच्यात काय घातलं? काहीच नाही. पिंप माझं नव्हतं, ऊन माझं नव्हतं, देवदूतांनी प्यायली ती कंपनीची प्यायली. मी फक्त तिच्या आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मधे उभा राहिलो.

हे तेव्हा सुचलं नव्हतं. ते सुचलं जूनमध्ये, इथे, ह्याच ओसरीवर.

आमची पाच एकर कपाशी. आप्पांना एक विशिष्ट वाण हवा असतो, कारण मागच्या दोन वर्षांत तो आमच्या रानात चांगला आला. बीटी कपाशीच्या पाकिटाचा कमाल भाव सरकार ठरवतं. २०२४ मध्ये ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला ८६४ रुपये होता. त्या वर्षी विदर्भात चांगल्या वाणाची ओढाताण होती, अकोल्यात भर उन्हात शेतकरी बियाण्यासाठी रांगा लावून उभे होते, बातम्या तुम्ही पाहिल्या असतील. आप्पा तीन ठिकाणी फिरले. सगळीकडे "माल संपला". शेवटी एकाकडून मिळालं, पावतीशिवाय, १३०० ला एक. दहा पाकिटं. म्हणजे ४,३६० रुपये जास्तीचे.

मी तेव्हा घरूनच काम करत होतो. ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. "आप्पा, ही लूट आहे. तक्रार करा. कृषी विभागाला कळवा. त्या माणसानं पिकवलं का हे बियाणं? नुसतं गोदामात दाबून ठेवलं आणि..."

आणि मी थांबलो. लॅपटॉपवर मीटिंग चालू होती, म्यूट केलेली.

आप्पांना बाटलीचं माहीत नव्हतं, अजूनही नाही. (आप्पा पॉडकास्ट ऐकत नाहीत. ऐकायला लागले तर हा भाग काढावा लागेल.) ते एवढंच म्हणाले, "काहून ओरडतो? त्यो तरी काय करंल, त्याला बी वरून महागच आलं असंल." मला वाटतं माझ्यापेक्षा आप्पाच त्या माणसाशी जास्त न्यायानं वागत होते.

इथे रूममेटचं म्हणणं मांडतो, कारण ते पोकळ नाही. तो म्हणतो, बियाणं आणि व्हिस्की एक नाही. बियाणं मिळालं नाही तर हंगाम जातो. व्हिस्की मिळाली नाही तर कुणाचं काय जातं? घेणारा शहाणा, कमावता, राजीखुशीनं ३० हजार देतो. त्याला दुकानोदुकानी फिरायला वेळ नाही, तुझ्याकडे होता. तू वेळ विकलास. २०२४ च्या सप्टेंबरात कोल्डप्लेच्या नवी मुंबईच्या तिकिटांचं जे झालं, तेव्हाही तो हेच म्हणाला होता. काही हजारांची तिकिटं दुसऱ्या साइटवर लाखांत दिसत होती, लोक चिडले, पोलिसांत गेलं, उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं ती फेटाळली, नियम करायचे तर ते सरकारनं आणि विधिमंडळानं करायचे म्हणून. रूममेटनं मला ती बातमी पाठवली, खाली तीन हसऱ्या इमोजी.

बाहेरच्या जगात तर हा राजरोस धंदा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात मॅकॅलनची १९२६ ची एक बाटली जवळपास २२ लाख पौंडांना गेली. रुपयांत २२ कोटींच्या आसपास. ते कुणी चोरी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. लिलावात सगळ्यांना माहीत असतं की हे विकायला आलंय. तिथे कुणी कुणाला "बहिणीच्या लग्नात उघडणार" असं सांगितलेलं नसतं.

माझं अडतं ते तिथेच. रूममेटचं गणित बरोबर आहे, पण त्यात काका नाहीत. काकांना ती बाटली १५ हजारांना, २० हजारांना विकता आली असती, कुणी विचारलं नसतं. त्यांनी छापील किमतीला दिली, कारण ती कुणीतरी उघडावी असं त्यांना वाटत होतं. म्हणजे ते १८ हजार आधी त्यांनी सोडले होते. मी ते उचलले. बाजारातून नाही, त्यांच्या खिशातून.

आणि हे त्यांना कळलं. कसं? माझ्याकडून घेणारा माणूस त्यांचंच गिऱ्हाईक निघाला. ज्याला त्यांनी मार्चमध्ये "संपली हो" म्हणून परत पाठवलं होतं तोच. बाटलीच्या बुडाशी दुकानाचं छोटं स्टिकर होतं, त्यावर काकांच्या पेनानं लिहिलेला आकडा. मी ते काढलं नव्हतं. एवढंही डोकं चाललं नव्हतं. त्यानं काकांना फोटो दाखवला.

काका मला काही बोलले नाहीत. अजून बोलत नाहीत, म्हणजे बोलतात, "कसा आहेस" वगैरे. फोन मात्र पुन्हा आला नाही.

मी घेणाऱ्याला मेसेज केला, जास्तीचे पैसे परत करतो म्हणून. हे करायचं डोक्यात आलं ते एका बातमीमुळे. स्वित्झर्लंडमध्ये सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात २०१७ मध्ये एका चिनी पाहुण्यानं १८७८ ची म्हणून मॅकॅलनचा एक पेग घेतला, जवळपास दहा हजार फ्रँक मोजून. नंतर तपासणीत ती बाटली बनावट निघाली, आतली व्हिस्की १९७० च्या आसपासची. हॉटेलच्या माणसालाही ते ठाऊक नव्हतं. तरी तो विमानानं चीनला गेला आणि पैसे परत देऊन आला. माझी बाटली तर अस्सल होती. पण मला वाटलं, तो चीनला जाऊ शकतो, मला कोथरूडलाच जायचंय.

घेणाऱ्याचं उत्तर आलं: "अरे राहू दे, सासऱ्यांच्या रिटायरमेंटला उघडली, सगळे खूश. पुन्हा काही मिळालं तर सांग." आता ह्याला काय करणार? ज्याच्यावर अन्याय केला असं वाटत होतं तो म्हणतो झालाच नाही, आणि ज्याच्यावर झाला त्याला पैसे देऊन भागत नाही. काकांकडे पाकीट घेऊन जायचा विचार केला होता. दुकानासमोरून दोनदा गेलो. वर्दळ होती, असं स्वतःला सांगितलं.

अजून एक गोष्ट राहिली. खरं तर हा भाग मी तिच्यासाठीच करतोय.

आपल्या राज्यात दारू विकायला परवाना लागतो. कायद्याचं नाव आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. दुकानं उघडी, कायदा दारूबंदीचा. प्यायलाही परवाना लागतो, तो कितीजण काढतात ते सोडा. त्यातलं कलम ६५ (ई) : परवान्याशिवाय विक्री. ते एक बाटली का शंभर, देशी का सिंगल माल्ट, असं बघत नाही. नफा झाला का तोटा, तेही बघत नाही. हे मी विकल्यानंतर वाचलं. आपण अ‍ॅपच्या अटी जशा वाचतो तसं, अडकल्यावर.

आमच्या भागातल्या पेपरात हे कलम आठवड्यातून एकदा तरी दिसतं. अमुक गावात छापा, पंचांसमक्ष इतक्या रुपयांचा मुद्देमाल जप्त. २०२४ च्याच पावसाळ्यात त्यात आमच्या गल्लीतला एक जण होता. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो, लहानपणी त्याच्या सायकलवर बसून बालाजीच्या यात्रेला गेलोय. तो सरकारमान्य दुकानातून देशीचे पव्वे घ्यायचा आणि दुकान नसलेल्या एका खेड्यात नेऊन विकायचा. पव्व्यामागे वीस-तीस रुपये सुटायचे. पिशवीत ३२ पव्वे सापडले. फोटो छापून आला, तोंडाला रुमाल बांधलेला.

त्याचं मी समर्थन करत नाही. त्या खेड्यातल्या बायकांना विचारा, पव्वा दारात मिळायला लागला की घरात काय होतं. उभी बाटली-आडवी बाटली अशी मतदानं करून ज्या गावांनी दुकानं बंद पाडली, ती काही गंमत म्हणून नाही पाडली. माझ्या बाटलीनं कुणाचं घर मोडलं नाही, हा फरक आहे आणि तो मोठा आहे.

पण दादाच्या ३२ पव्व्यांचा सगळा नफा हजाराच्या आत होता. माझा १८ हजार. कलम तेच. त्याच्या धंद्याला 'अवैध दारूविक्री' म्हणतात. माझ्याला टेलिग्रामवर 'सेकंडरी मार्केट' म्हणतात, आणि तिथे माझ्या फोटोखाली अकरा लाइक आहेत.

परवा तो चौकात भेटला, चहाच्या गाडीवर. तारखेला जाऊन आला होता. मला काय झालं माहीत नाही, मी सगळं सांगून टाकलं. बाटली, काका, अठरा हजार. त्यानं शांतपणे ऐकलं.

"एका बाटलीत?"

"हो."

"आन् तुला कुणी धरलं नाही?"

"नाही."

तो हसला. मग म्हणाला, "मंग चहाचे पैसे तू दे."

दिले.

आई हाक मारतेय, ऐकू येत असेल. इथेच थांबतो. तुमच्यापैकी कुणी तिकीट, बूट, बाटली, काहीही घेऊन चढ्या भावानं विकलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. नाव नको असेल तर तसं सांगा. पुढच्या रविवारी भेटू, पुण्याहून. काकांच्या दुकानापर्यंत पोचलो तर तेही सांगेन.