औषध, अंगाचा ताठरपणा आणि मेंदूचे चित्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी आजाराचा विषय काढते आहे, याचा राग मानू नये. मनाच्या आजाराविषयी आपण दबक्या आवाजात बोलतो, आणि त्याच्या औषधाने अंग आखडते याविषयी तर बोलतच नाही. परंतु घरोघरी गोळी देणारा हात बहुधा बाईचाच असतो. तेव्हा हे तिला ठाऊक हवे.

सर्पगंधेचे मूळ आपल्या देशात वेडावर फार पूर्वीपासून देत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. १९५२ साली तिच्यातील रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि त्याच वर्षी पॅरिसला डिले व डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांना दिले. रोगी शांत होऊ लागले. पण कित्येकांचे हात कापू लागले, चेहरा निर्विकार झाला, चाल अडखळली. जणू कंपवातच जडला!

याचे कारण स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांच्या संशोधनातून कळले. मेंदूत डोपामीन नावाचे द्रव्य असते आणि हालचालीची सूत्रे बरीचशी त्याच्या हाती असतात. रेसरपीनने ते आटते. क्लोरप्रोमाझीनसारखी औषधे त्याच्या बसण्याच्या जागा अडवतात. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

पुढे जिवंत माणसाच्या मेंदूतील या जागा पाहण्याची सोय झाली. तिला पेट स्कॅन म्हणतात. किंचित किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देतात. ते मोकळ्या जागांवर जाऊन बसते. पंगतीत किती पाट भरले हे रिकाम्या पाटांवरून ओळखावे, तसाच हा हिशेब. टोरांटो येथे डॉ. शितिज कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलोपेरिडॉल घेणाऱ्या रुग्णांत हे मोजून २००० साली प्रसिद्ध केले. शेकडा ६५ जागा अडल्या की गुण येण्याचा संभव वाढतो. शेकडा ७८ च्या वर गेल्या की ताठरपणा, कंप यांचा संभव वाढतो. म्हणजे गुण आणि त्रास यांच्यामधली वाट अरुंद आहे. जास्त औषध म्हणजे जास्त गुण, असे नव्हे.

आपल्या देशातले पहिले पेट यंत्र २००२ साली मुंबईला परळ येथे आले. धडगावात ते नाही. पण हा त्रास ओळखायला त्याची गरजही नाही. आपले डोळे पुरतात. चालताना हात हलतात का? लाळ गळते का? पाय एका जागी ठरतात का? कित्येक महिन्यांनी किंवा वर्षांनी तोंड आपोआप चघळल्यासारखे हलू लागले का? एवढे पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे. ते मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात.

औषध सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत मान एकाएकी वाकडी झाली, डोळे वर ओढले गेले, तर ती बाहेरची बाधा नव्हे. भगताकडे न जाता तडक दवाखाना गाठावा. इंजेक्शनने बहुधा थोड्याच वेळात आराम पडतो. ताप चढून अंग लाकडासारखे ताठ झाले आणि शुद्ध हरपू लागली, तर मात्र जिवाला धोका आहे. घटकाभरही थांबू नये.

आणि एक हात जोडून सांगणे. त्रास दिसला म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आजार उलटतो, आणि मग सारे घर पुन्हा त्याच फेऱ्यात सापडते. पाड्यावरून दवाखान्यापर्यंतची वाट लांब आहे, हे मी जाणते. सरकारच्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो. तिथे विचारता येते.

शेजारच्या घरात असा रोगी असेल, तर त्याच्या आईला किंवा बायकोला बाजारच्या दिवशी आपणहून विचारा, "कसं आहे गं त्याचं? हात कापतात का?" हसण्यासाठी नव्हे, सोबतीसाठी. आपल्या मंडळाने येत्या वर्षी एवढे केले, तरी पुष्कळ झाले.