वर येणारी जमीन काय सांगते?

पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरणाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा विरोध, कोणत्याही विंधनयंत्राने मोजलेली नाही. ती मुख्यतः बर्फाच्या भाराखालून सुटलेल्या जमिनीने सांगितली आहे.

१७३१ साली खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सियस यांनी स्वीडनच्या येव्ले शहराजवळ एका खडकावर समुद्राच्या पातळीशी खूण कोरून घेतली. आज ती पाण्यापासून सुमारे दोन मीटर वर आहे. समुद्र आटतो आहे, असे सेल्सियस यांना वाटले. पण पाणी उतरले असते तर सगळीकडे सारखेच उतरले असते. बोथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात जमीन वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर वर येते, तर स्वीडनच्या दक्षिण टोकाशी जवळपास स्थिर आहे. सर्वाधिक उचल नेमकी तिथे, जिथे हिमयुगात बर्फाचा थर सर्वांत जाड होता; म्हणजे त्याच्या भाराने खचलेली जमीन, खाली प्रावरण परत वाहत येईल तशी, वर येते आहे. स्वीडनमधील स्कुलेबेर्येत या डोंगरावर प्राचीन किनाऱ्याची रेषा आजच्या समुद्रापासून २८६ मीटर उंचीवर सापडते.

बर्फ किती जाड होता हे नक्की ठाऊक नसताना श्यानता कशी काढणार, हा आक्षेप रास्त आहे. बर्फ दुप्पट धरला तर खचणे दुप्पट होईल; मात्र बर्फ वितळल्यावर उरलेला खळगा निम्मा भरायला लागणारा काळ भारावर नव्हे, तर खळग्याच्या रुंदीवर आणि श्यानतेवर ठरतो. जुन्या किनाऱ्यांच्या वयांवरून तो काळ काही हजार वर्षांचा निघतो. याच वाटेने भूभौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन हॅस्केल यांनी १९३५ मध्ये श्यानता सुमारे १० चा २१ वा घात पास्कल-सेकंद इतकी ठरवली. दुसरा आक्षेप असा, की दुय्यम भूकंपतरंग द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून जातात. मग ते वाहते कसे? सेकंदांच्या धक्क्याला घट्ट राहणारा तप्त खडक हजारो वर्षांच्या भाराखाली स्फटिकांतील दोष सरकत सरकत आकार बदलतो, इतकेच.

खरी अडचण खोलीची आहे. स्कँडिनेव्हियाचा खळगा फार खोलवरचे सांगत नाही. त्यासाठी हडसन उपसागराभोवतीचा अधिक रुंद खळगा लागतो, आणि खालच्या प्रावरणाबद्दलचे अंदाज आजही कित्येक पटींनी वेगळे आहेत. मुंबई बंदरातील १८७८ पासूनच्या भरती-ओहोटीच्या नोंदींतून समुद्रवाढ काढतानाही या उचलीच्या दूरवरच्या परिणामांची दुरुस्ती करावी लागते. या परिषदेचे दुपारचे सत्र आम्ही खालच्या प्रावरणाबद्दलच्या याच वादासाठी ठेवले आहे.