कणा मोडलेल्या श्रमिकाचे पुनर्वसन



पुण्याला लागून असलेल्या खडकीत १९७४ साली जखमी जवानांसाठी एक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. मज्जारज्जूला इजा होऊन ज्यांचे कमरेखालचे वा मानेखालचे शरीर कायमचे लुळे पडले, असे सैनिक तेथे राहतात. तेथे शुश्रूषा आहे, चाकाची खुर्ची विनासायास फिरेल असे आवार आहे, काम आणि खेळ आहेत. देशाने आपल्या जवानांप्रती दाखविलेली ही कृतज्ञता सर्वथा उचित होय; तीत काडीचेही उणे करावे असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न वेगळा आहे. त्याच पुण्यात परांचीवरून कोसळणारा बिगारी, कोकणात नारळ पाडताना माडावरून घसरणारा गडी, बाजार समितीत पोत्यांच्या थप्पीखाली सापडलेला हमाल, यांचाही मज्जारज्जू त्याच रीतीने तुटतो. त्यांची खडकी कोठे आहे?

दुसऱ्या महायुद्धापूर्वी कणा मोडलेला मनुष्य फार दिवस जगायचा नाही, हे वैद्यकानेच गृहीत धरले होते. तो दगावे तो बहुधा मोडलेल्या कण्याने नव्हे, तर शय्याव्रणांतून आणि मूत्रमार्गातून पसरणाऱ्या जंतुदोषाने. नाझी राजवटीतून निसटून १९३९ मध्ये इंग्लंडला आलेले ज्यू मज्जातज्ज्ञ लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. त्यांचे उपाय ऐकायला क्षुल्लक वाटतील. रुग्णाला दर दोन तासांनी, रात्रीदेखील, कुशीवर वळवायचे; मूत्राशय स्वच्छ रीतीने रिकामे ठेवायचे; आणि शक्य तितक्या लवकर त्याच्या हाताला काम द्यायचे. १९४८ च्या जुलैत, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, तेथे १६ जखमी माजी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पॅरालिंपिकचे मूळ ते. यात चमत्कारी औषध एकही नव्हते. लागली ती माणसे, शिस्त आणि सरकारी पैसा. त्याच १९४४ साली ब्रिटनने कायदा करून २० किंवा अधिक कामगारांच्या मालकांवर ३ टक्के अपंगांना कामावर ठेवण्याचे बंधन घातले. त्याची अंमलबजावणी पुढे ढिली पडली, तथापि उपचार आणि रोजगार ही एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत, हे तेथील राज्यकर्त्यांना उमगले होते.

आपल्याकडे या विषयावर बोलताना प्रथम आठवते ती जिद्द. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक जिंकून आले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. पद्मश्री त्यांना मिळाली २०१८ मध्ये! कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय ऐन उमेदीच्या वयात निकामी झाले. त्यांनी नोकरी केली, अपंगांसाठी संस्था उभारली, आणि 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन लिहिले. या दोघांपुढे मस्तक नमते. परंतु पेटकरांच्या मागे लष्कराची रुग्णालये होती आणि हुरजूकबाईंच्या हाताशी नोकरी होती, हे सांगायला वृत्तपत्रे विसरतात. मग जिद्दीची कहाणी म्हणजे सरकारला मिळालेली सूट ठरते: ज्याला जमले नाही, त्याच्यात जिद्दच नव्हती!

खुर्चीतील जीवनाशी जुळवून घेणे म्हणजे नेमके काय, ते तपशिलाने पाहावे. संवेदना गेलेल्या कातडीला दुखत नाही, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलावे लागते. रोज आरसा धरून पाठ आणि बैठक न्याहाळावी लागते. मांडीवर ठेवलेल्या गरम पातेल्याने पोळले, तरी ते रात्री कपडे बदलताना कळते. दिवसातून चार-सहा वेळा नळीने लघवी काढायची. त्यासाठी स्वच्छ पाणी हवे, साबण हवा, आडोसा हवा. आता हे सारे दहा बाय दहाच्या खोलीत, सार्वजनिक नळावर आणि वस्तीच्या सामाईक शौचालयात कसे साधायचे? तेथे दोन पायऱ्या आहेत, दार खुर्चीहून अरुंद आहे, आत उकिडवे बसायचे भांडे आहे. स्त्रियांची कुचंबणा तर विचारूच नये. शौचालयाला जाता येत नाही म्हणून पाणीच कमी पितात, आणि त्याची किंमत मूत्रपिंडे देतात. येथे मनोधैर्याचे व्याख्यान कामाचे नाही. येथे गवंडी हवा.

खुर्चीचेही तसेच. शिबिर भरते, मंडप पडतो, पुढाऱ्यांच्या हस्ते एकाच मापाच्या खुर्च्या वाटल्या जातात, छायाचित्रे निघतात. चाकाची खुर्ची ही पायाच्या जागी आलेली वस्तू आहे. ती बैठकीच्या रुंदीला, पाठीच्या उंचीला, गावच्या रस्त्याला जुळली पाहिजे. खाली योग्य गादी नसेल, तर तीच खुर्ची शय्याव्रण देते. सहा महिन्यांनी अशा किती खुर्च्या अडगळीत पडून असतात, हे वाटणाऱ्यांनी कधी जाऊन पाहावे.

कायदे नाहीत असे नव्हे. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व ब्रिटिश अमदानीतल्या १९२३ च्या कायद्यानेच मान्य केले. बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर घेऊन तो कामगारांच्या कल्याणासाठी वापरण्याचा कायदा १९९६ मध्ये झाला. पण मुकादमाच्या वहीत नाव नसलेल्या बिगाऱ्याने आपण त्या परांचीवर होतो, हेच सिद्ध कसे करायचे? अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने तर सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करण्याचे बंधन घातले. नियम २०१७ मध्ये झाले, मुदत २०२२ मध्ये उलटली. पुढे २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यातला सुगमतेचा नियमच मूळ कायद्याशी विसंगत ठरविला. जे सक्तीचे असायला हवे, ते नियमाने नुसत्या शिफारशीवर सोडले होते! दरम्यान दाखल्यासाठी माणसाला कचेरीच्या पायऱ्यांवरून उचलून न्यायचे काम त्याचे भाऊबंद करीतच होते.

कामगार संघटनांनी हा विषय दानधर्माच्या खात्यातून काढून मागणीपत्रात घातला पाहिजे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी राखीव खाटा आणि रात्रपाळीला पुरेशा परिचारिका. मापाची खुर्ची, गादी आणि नळ्यांचा नियमित पुरवठा. घराचे दार रुंद करून एक फूट उंचीला बारा फूट लांबीची उतरण बांधण्याचा खर्च उपकराच्या निधीतून. आणि त्याच ठेकेदाराकडे बसून करता येईल असे काम. भांडार सांभाळणे, हजेरी मांडणे, मोजमाप लिहिणे ही कामे परांचीवर चढून करावी लागत नाहीत. पहिली मागणी मात्र याहूनही आधीची आहे: कामाच्या पहिल्या दिवशी बिगाऱ्याचे नाव वहीत लागले पाहिजे, आणि परांचीवर चढण्यापूर्वी त्याच्या कमरेला पट्टा बांधला गेला पाहिजे.