माईकवरचा माणूस : कासिम रझवी

17 सप्टेंबरला आपल्या परभणीत झेंडावंदन असतं. कशाचं, ते तुम्हाला माहीतच आहे. आज बोलूया निजामाच्या राज्यात ज्या एका माणसाचा आवाज चालला, त्याच्याबद्दल.

कासिम रझवी. लातूरचा वकील. ना निजामाच्या घराण्यातला, ना लष्करातला. मजलिसचे गाजलेले वक्ते बहादूर यार जंग 1944 साली वारले आणि 1946 मध्ये अध्यक्षपद रझवीकडे आलं. मजलिसची घोषणा होती ‘अनल मलिक’, म्हणजे मीच राजा. आता बघा, ऐकणारा साधा कारकून असला तरी सभेतून घरी जाताना राजा होऊन जायचा! त्यावर भीती, की तुमचं राज्य जाणार. आणि स्वप्न काय, तर लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा.

नुसत्या गप्पा वाटतात ना? 27 ऑक्टोबर 1947. भारतासोबतच्या जैसे थे करारासाठी निजामाचं शिष्टमंडळ दिल्लीला निघणार होतं. पहाटेच जमावानं त्यांच्या घरांना वेढा घातला. जाणं रद्द. पंतप्रधान छतारींनी राजीनामा दिला, रझवीला चालणारे लायक अली आले. मतदान वगैरे काही नाही, फक्त गर्दी.

पुढं गावोगावी रझाकारांची लूट, जाळपोळ, खून. विरोधात लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट 1948 मध्ये मारले गेले. मुसलमानच होते तेही.

पोलीस अ‍ॅक्शन पाच दिवसांत संपली. रझवी 1957 मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला. मराठवाड्यातल्या, कधी काठीही न उचललेल्या कितीतरी मुसलमान घरांनी मात्र त्याच्या भाषणांची किंमत 1948 मध्येच मोजली होती.