कृपा आणि हक्क



व्यसनमुक्तीचा विषय निघाला की समाजवादी कार्यकर्त्याच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक, दारूच्या दुकानापुढे ठिय्या देऊन बसलेल्या स्त्रियांचे. दुसरे, दारूबंदीच्या कायद्याचे. पहिल्यात संघर्ष आहे, दुसऱ्यात शासन आहे. परंतु ज्याच्यापायी हा सारा खटाटोप करावा लागतो, तो पिणारा माणूस या दोन्ही चित्रांत कुठेच नसतो. दुकान बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तो कुठे जातो, कोणाजवळ बसतो, त्याच्या हातांची थरथर कोण पाहते, हा प्रश्न चळवळीने फारसा विचारलेला नाही. मुंबईच्या उपनगरांत तो प्रश्न एका धर्मसमाजाने विचारला आणि आपल्या कुवतीप्रमाणे त्याचे उत्तरही दिले. त्या उत्तराकडे आदराने, पण डोळसपणे पाहणे आवश्यक आहे.

१९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ ही संस्था सुरू केली. फादर परेरा हे कॅथलिक धर्मगुरू, योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य आणि स्वतः मद्यासक्तीतून सावरलेले. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु या कार्याचे मर्म त्या सन्मानापेक्षा त्यांच्या स्वतःच्या सावरण्यात आहे. ज्याच्यापुढे माणसे पापाची कबुली द्यायला येतात, तोच आपल्याला जडलेल्या रोगाची कबुली चारचौघांत देतो, तेव्हा उपदेशक आणि पतित ही उतरंड मोडून पडते. संस्थेत बारा पायऱ्यांचा कार्यक्रम आणि अय्यंगार पद्धतीचा योग यांची सांगड घालण्यात आली. व्यसनातून बाहेर आलेली माणसेच पुढे समुपदेशक झाली. हे काम वांद्र्यापुरते न राहता वसईत, गोव्यात आणि थेट ईशान्य भारतात पोहोचले.

या कार्याचा काळही ध्यानात घ्यावा. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुली विझू लागल्या. त्याच वर्षांत ब्राऊन शुगर, म्हणजे ‘गर्द’, मुंबईच्या गल्लीबोळांत शिरला. पुढे घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातील कारखानेही एकामागून एक बंद पडत गेले. रिकामे हात आणि स्वस्त नशा यांची गाठ पडली की काय होते, हे उपनगरांतील कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

ज्या समाजातून हे काम उभे राहिले, त्याची तर मद्यावरून टवाळीच झाली होती. वांद्रे, अंधेरी, मरोळ ते बोरिवली या भागांतील गावठाणांत राहणारा ईस्ट इंडियन समाज, तसेच गोव्याहून आणि मंगळूरहून आलेले ख्रिस्ती लोक, यांना हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे हातात बाटली देऊनच पडद्यावर आणले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर शहरात चोरट्या दारूचे जे अड्डे फोफावले, त्यांनाही ‘आंटीचा अड्डा’ हेच नाव चिकटले. वस्तुतः त्या अड्ड्यांवर पिणारे सर्व जातिधर्मांचे होते. बंदीने दारू संपली नाही, ती अंधारात गेली. विषारी दारूचा तो अंधार पुढेही सरला नाही. डिसेंबर २००४ मध्ये घाटकोपरला लागून असलेल्या विक्रोळीत ऐंशीहून अधिक आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे तिने मारली. मेलेले सारे गरीब होते.

चर्चने या कामाला नेमके काय दिले? पैसा आणि प्रार्थना यांच्याआधी एका खोलीचा उल्लेख करावा लागेल. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि १९५७ मध्ये भारतात आली. ती कोणत्याही चर्चची शाखा नाही. ‘कृपा’सारखे निवासी केंद्रही ती चालवीत नाही. तिला लागते ती आठवड्यातून ठरलेल्या वेळी उघडणारी, चार खुर्च्या आणि चहाचा थर्मास मावेल अशी जागा. मुंबईत ती जागा अनेकदा चर्चच्या किंवा मिशनरी शाळेच्या आवारात मिळाली.

सभेची रीत साधी असते. कारकून, हमाल, प्राध्यापक, रिक्षाचालक असे सारे एका ओळीत बसतात. आडनाव कोणी विचारत नाही. उठून बोलणारा आपले पहिले नाव आणि आपला आजार सांगतो, मग आपली कहाणी. कोणी मध्ये बोलत नाही, कोणी सल्ला देत नाही. जन्मभराची शपथ मागितली जात नाही. आजचा दिवस न पिता काढायचा, एवढाच निश्चय. शेवटी एक पिशवी फिरते आणि त्यातून चहाचा व जागेच्या भाड्याचा खर्च भागतो, कारण बाहेरची देणगी घ्यायची नाही असा या संघटनेचा दंडक आहे. आडनाव नाही म्हणजे जात नाही, वर्गणी सर्वांची आणि मालकी कोणाचीच नाही. समतेच्या ज्या व्यवहारावर शिबिरांतून व्याख्याने होतात, तो या खोलीत घडत असतो.

ही केवळ भावनेची गोष्ट नाही. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा आणि १०,५६५ सहभागींचा आढावा प्रसिद्ध केला. पूर्णपणे मद्य सोडण्याच्या कसोटीवर हा बारा पायऱ्यांचा मार्ग, पद्धतशीर रीतीने राबविल्यास, इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीस तोड, किंबहुना काही बाबतींत सरस ठरल्याचे त्यात आढळले. अर्थात प्रत्येकाला तो मानवेलच असे नाही. शिवाय वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीवाचून एकाएकी दारू तोडली तर झटके येऊन प्राणावर बेतू शकते. तेव्हा खोलीइतकीच खाटही हवी.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेतला जाणे योग्यच आहे. दुबळ्या क्षणी माणसाला श्रद्धेच्या हवाली करणे ही त्याच्या विवेकाशी प्रतारणा नव्हे काय? दुसऱ्या बाजूने काही मंडळी अशा कामात धर्मांतराचा वास शोधीत असतात. दोघांनाही एकच कसोटी सुचवावी. क्रूस न करता, प्रार्थना न पुटपुटता, त्या खोलीत माणसाला बसता येते काय? अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये सदस्यत्वाची अट एकच आहे, दारू सोडण्याची इच्छा. श्रेष्ठ शक्ती कोणती मानायची हे ज्याचे त्याने ठरवायचे. समोर बसलेल्या दहा माणसांनाच ती शक्ती मानणारे नास्तिकही तेथे आहेत. जेथे ही कसोटी उतरणार नाही, तेथे टीका अवश्य करावी.

श्रद्धेवाचूनही हे काम होते, याचा पुरावा महाराष्ट्राच्या पुरोगामी परंपरेतच आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तेथे चर्च नव्हते. पण रुग्णाला ‘मित्र’ मानण्याची वृत्ती, त्याच्या पत्नीला सोबत घेण्याची दृष्टी आणि बरे झालेल्याच्या हाती काम सोपविण्याचा विश्वास, हे सारे होते. देवळाचे वा चर्चचे छप्पर बदलले तरी औषध एकच राहिले: माणसाने माणसाजवळ बसणे.

मग खरा वाद कशाशी आहे? ‘कृपा’ या शब्दातच तो दडलेला आहे. कृपा मिळते, मागता येत नाही. तिचा नकार आला तर दाद मागायला जागा नसते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या तरी प्रकारची मदत मिळते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतो तो १८० मध्ये एकाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनातून येणारे विकार मानसिक आजारांत धरले आणि उपचार हा हक्क मानला. हक्क कागदावर आला, खाट मात्र आली नाही. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढविले, तेव्हा तिजोरीत सुमारे १४,००० कोटी रुपयांची जादा भर पडेल असा अंदाज होता. बाटलीचे उत्पन्न शासनाचे आणि बाटलीने उद्ध्वस्त झालेला माणूस चर्चचा, ही वाटणी कोणत्याही कल्याणकारी राज्याला शोभणारी नाही.

यास्तव मागण्या स्पष्ट असाव्यात. उपनगरांतील प्रत्येक मोठ्या पालिका रुग्णालयात दारू सोडविण्यासाठी राखीव खाटा हव्यात. पालिकेच्या शाळा आणि समाजकल्याण केंद्रे अशा गटांना संध्याकाळी नाममात्र भाड्याने मिळाली पाहिजेत. मद्यशुल्काचा निश्चित वाटा उपचारासाठी बांधून घेतला पाहिजे. कामगार संघटनांच्या करारांत बडतर्फीपूर्वी उपचाराची रजा हे कलम आले पाहिजे.

परंतु शासनाकडे मागणी करणाऱ्याने आपल्या घरातही डोकावावे. मोर्चात पुढे असणारा, वस्तीत सर्वांचा लाडका असलेला एखादा साथी हळूहळू बैठकींना उशिरा येऊ लागतो, मग झोकांड्या खात येतो, मग येतच नाही. चळवळ आधी त्याला पाठीशी घालते, नंतर त्याच्यावर कुजबुजते आणि शेवटी त्याचे नाव यादीतून गाळते. त्याच्या पत्नीकडे कोणी जात नाही. आठ तासांच्या कामासाठी लढणाऱ्या संघटनांनी नवव्या तासाला गुत्त्याकडे वळणाऱ्या पावलांचा विचार केला नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. स्वतःच्या रोगाची कबुली देण्याचे धैर्य एका धर्मगुरूने दाखविले. ते एखाद्या कामगारनेत्याला का अवघड जावे?

कायदा सिद्धीस जायला वर्षे लागतील. पण अंधेरीपासून मुलुंडपर्यंत पक्षाची आणि संघटनांची जी लहानमोठी कार्यालये आहेत, ती आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी कुलूपबंद असतात. त्यांतील एक संध्याकाळ या माणसांना द्यावी. भिंतीवरची चित्रे उतरवायची गरज नाही. फक्त किल्ली वेळेवर आणणारा एक कार्यकर्ता हवा, आणि जो आत येईल त्याचे आडनाव न विचारण्याची तयारी हवी.