गॅझेटियर घेऊन धबधब्यांकडे

गिरसप्प्याचा धबधबा मराठी माणसाने पाहिलेला नसला, तरी त्याचे नाव त्याने शाळेतच ऐकलेले असते. उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईच्या राज्यकारभाराखाली होता, हे त्याचे एक कारण. धबधब्याच्या एका काठावरील ‘बाँबे बंगला’ ती आठवण अजून जागती ठेवतो. त्याच काळात, १८८३ साली, निघालेले कानडा जिल्ह्याचे गॅझेटियर आजही प्रवाशाला चांगली सोबत करते. सरकारी ग्रंथ रुक्ष असतात असा समज आहे. पण हा ग्रंथ हाती घेऊन हिंडणारा तसे म्हणणार नाही.

शरावती नदी येथे आठशे तीस फूट खाली झेप घेते. तिच्या चार धारा. ‘राजा’ एकसंध, सरळ कोसळतो. ‘रोअरर’, म्हणजे गर्जणारा, तिरका धावत येऊन मधल्या वाटेवर राजाला मिळतो. ‘रॉकेट’ बाणांसारखे फवारे सोडतो. ‘राणी’ मात्र खडकांवरून फेसाळत उतरते. छायाचित्रकाराची खरी परीक्षा या ‘राणी’पाशीच होते. पडदा एक सेकंद उघडा ठेवावा, तर पाण्याचे रेशीम होते. सेकंदाच्या पाचशेव्या भागात मिटावा, तर थेंबन् थेंब गोठतो. डोळ्यांना दिसते ते या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते.

मात्र ग्रंथातील वर्णन आणि समोरचे दृश्य आता वर्षभर जुळत नाही. १९६४ साली लिंगनमक्कीचे धरण पुरे झाले आणि शरावतीचे पाणी विजेच्या कामी लागले. उन्हाळ्यात येणाऱ्याला कड्यावर ओल्या रेघा तेवढ्या दिसतात. भर पावसात पाणी असते, पण धुक्याचा पडदा तासन् तास सरत नाही. घरोघरी दिवे लागले, त्याची ही किंमत. ती अवाजवी होती असे सहसा कोणी म्हणणार नाही. पण ती मोजली गेली, हे नाकारताही येत नाही.

सिद्दापूर तालुक्यातील उंचळ्ळीचे भाग्य निराळे. अघनाशिनीवरील या सुमारे ११६ मीटर उंचीच्या धबधब्यास जिल्ह्याचे कलेक्टर लशिंग्टन यांचे नाव मिळाले. गावकरी मात्र त्याला ‘केप्प जोग’ म्हणतात. केप्प म्हणजे बहिरा. साहेबाच्या नावापेक्षा हे नाव कितीतरी नेमके आहे! जवळ उभ्या माणसाशीही तेथे खुणांनीच बोलावे लागते.

यल्लापूरजवळ मागोड येथे बेडती नदी दोन टप्प्यांत कोसळते. या नदीवरही वीजप्रकल्प योजिला होता. १९८१ च्या सुमारास शिरसी भागातील सुपारीबागायतदार आणि अभ्यासक यांनी विरोध केला, आणि तो थांबला. मागोडचा देखावा दुरूनच घ्यावा लागतो. चौकटीत माणूस नसेल, तर दरी किती खोल हे चित्रावरून उमगत नाही. म्हणून अनुभवी छायाचित्रकार कठड्यापाशी एखाद्या सोबत्याला उभा करतो, आणि मग भिंगावरचे तुषार पुसत ढग सरण्याची वाट पाहतो.