पायडलाखालची खटखट

कॉटरपिनेची सायकल चालवितांना दर फेऱ्यास खटखट जाणवली, कीं पुष्कळजण आधीं हातोडी उचलतात. वास्तविक दोष कोठें आहे हें प्रथम हातानेंच ओळखावें.

एक क्रँक आडवा हालवून पाहावा. दुसराही त्याबरोबर डुलला, तर आंसाचा कप सैल झाला आहे किंवा छर्रे झिजले आहेत. एकटाच हालला, तर त्याची पिन ढिली आहे. दोन्ही घट्ट असतील, तर साखळी उतरवून दांतेरी चाक फिरवावें. दर फेऱ्यास एकाच जागीं तें चौकटीकडे झुकलें, तर तें वांकलें आहे.

ढिली पिन क्रँकचें भोकही खराब करते, आणि चढावर जोर देतांना स्वाराचा पाय निसटूं शकतो. पिन ठोकतांना क्रँकखालीं भक्कम आधार द्यावा. नाहींतर प्रत्येक घाव छर्र्यांवर बसतो, आणि एक दोष काढतांना दुसरा उत्पन्न होतो.